मावसभावानं लावून दिलेलं लिनक्स

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो भावाच्या कंपनीच्या भंगारातून. कंपनीनं जुनी मशिनं काढून टाकली, भावानं त्यातलं एक मागून घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत आणलं. चालू केलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ यायची आणि तिथंच थांबायची. आतलं सगळं कंपनीनं पुसून दिलं होतं.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. भावाच्या जेवणाखाण्याचे हाल होतात म्हणून आई केदारखेड्याहून त्याच्याकडे राहायला आली होती, आणि आईच्या मागे मी. जुन्या जालन्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करायला मुलगी हवी होती. मालक भावाच्या ओळखीचे. ते म्हणाले होते, "दिवाळीच्या आधी एक दिवस येऊन टाइप करून दाखवा. तुळशीचं लग्न लागलं की मंग आम्हाला मान वर करायला टाइम न्हाई." ते काम मिळालं तर मी जालन्यात राहणार होते. नाही मिळालं तर गावाला परत, आणि बारावी झालेली मुलगी गावाला परत जाते तेव्हा पुढं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मी मराठी टाइपिंगच्या क्लासला जात होते. लोखंडी टाइपरायटर, करंगळी दुखेपर्यंत बडवायचे. शेजारच्या मशीनवर हसनाबादची एक मुलगी बसायची. आम्ही दोघीही सारख्याच चुका करायचो आणि सारखीच बोलणी खायचो.

उन्हाळ्यात मावसभाऊ आला. पुण्याला इंजिनिअरिंग करत होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तो एकटाच पुण्याला शिकणारा, त्यामुळे तो उंबऱ्यात दिसला की आईचं तूप सढळ व्हायचं. त्यानं आमचं मुकं मशीन पाहिलं, बॅगेतून तीन सीडी काढल्या आणि खाटेवर मांडल्या.

"हे लिनक्स," तो म्हणाला. "ओपन सोर्स. म्हणजे कुणाच्या मालकीचं नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय आणि फुकट वाटतात. तिन्ही वेगवेगळी आहेत. तुला हवं ते निवड."

"फुकट हाय म्हणतो, मंग कोणी परत मागायला तर येनार न्हाई ना?" आईनं विचारलं. तो खूप हसला. आईही हसली, पण तिची शंका काही गेली नाही.

मला मात्र ते ऐकून फार बरं वाटलं होतं. हवं ते निवड, असं मला तोपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. बांगड्या निवडतानासुद्धा नाही. मी एक सीडी उचलली आणि विचारलं, "छापखान्यात यातलं कोणतं असतं?"

"छापखान्यात चोरीचं विंडोज असतं," तो म्हणाला आणि माझ्या हातातली सीडी काढून घेतली. "ही तुला झेपणार नाही. ही दुसरी पण नको. नवशिक्यांना ही बरी." झाली माझी निवड.

सीडी आत गेली आणि पडदा निळा झाला. एकेक प्रश्न यायला लागला. भाषा कोणती, वेळ कुठली, असं काहीबाही. मी अक्षर लावून वाचेपर्यंत तो बटण दाबून मोकळा.

"थांब ना जरा, काय विचारून राह्यलं ते बघू दे," मी म्हणाले.

"ते तुझ्या कामाचं नाही. नवशिक्या माणसाला इतके प्रश्न दाखवले की तो घाबरतो."

शेवटी पडद्यावर मराठी अक्षरं आली. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. आईनं शेजारच्या दोघींना बोलावून दाखवलं. त्यानं मला कोणतं अक्षर कुठं आहे ते समजावलं. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क्लासातल्या टाइपरायटरपेक्षा सगळंच निराळं. मी तसं म्हणाले, तर तो म्हणाला, "तो क्लास सोड आधी. टाइपरायटर मेला कधीच. पुण्यात कुत्रं विचारत नाही त्याला."

मी क्लास सोडला. हसनाबादवाली विचारायला घरी आली होती. तिला मी तेच सांगितलं, टाइपरायटर मेला म्हणून. ती म्हणाली, "आमच्या घरी कॉम्प्युटर न्हाई बाई. मला हेच बराबर."

त्यानंतर मी झटून बसले. जुन्या पत्रिका गोळा करून त्यांवरचा मजकूर उतरवायची. भारनियमनात वीज गेली तर बंद कीबोर्डवर बोटं चालवायची. खंडेनवमीला आईनं विळ्या-सुऱ्यांच्या शेजारी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि म्हणाली, "लेकीच्या हातचं हत्यार हाय." तोपर्यंत मी न बघता टाइप करत होते.

दिवाळीच्या तोंडावर छापखान्यात गेले. मालकांनी एक पत्रिका समोर ठेवली. मी चि. सौ. कां. टाइप केलं आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. त्यांच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड टाइपरायटरच्या पद्धतीचा होता. वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. अर्धी अक्षरं वेगळ्याच जागी. क्लासात शिकलेलं आठवायला गेले तर बोटं ऐकेनात, ती घरच्या सवयीनंच पळत होती. मालक मागे येऊन उभे राहिले.

"ताई, तेलुगू टाइप करून राह्यल्या का?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला चहा पाजला आणि वाटेला लावलं. ते काम हसनाबादवालीला मिळालं.

फुकट वाटणारे आणि हवं ते निवड म्हणणारे, यांचा मला तेव्हापासून राग आहे. तो कमी झालेला नाही आणि व्हावा असंही वाटत नाही. त्या तीन सीडींत काय फरक होता ते मला कुणाला विचारता येणार होतं? दुसरी सीडी मिळवायची तर पुण्याचाच माणूस यायला हवा. जालन्यात नेट कॅफेत बसून एक फोटो उघडायचा तरी जीव मेटाकुटीला यायचा. ज्याच्याकडे सगळं असतं त्याला निवडीचं फार कौतुक असतं.

भाऊबीजेला मावसभाऊ आला. पाटावर बसला, मी त्याला ओवाळायला घेतलं. त्यानं ताटात एक नवी सीडी टाकली. "एकदम लेटेस्ट," म्हणाला. "कसं चाललंय टायपिंग?"

मी ताट हातात धरूनच सगळं सांगितलं. तो ऐकून चकित झाला. त्याला खरंच वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही.

"अगं, मग बदलून घ्यायचं ना," तो म्हणाला. "टाइपरायटरचा कीबोर्ड त्यातच होता. सीडी टाकली तेव्हाच पडद्यावर विचारलं होतं, दोन्हींतला कोणता हवा. मी दुसरा दाबला. तो जास्त शास्त्रशुद्ध आहे."

ओवाळणं अर्ध्यावर सोडत नाहीत, म्हणून मी ओवाळत राहिले. मला ते ताट तिथंच आपटायचं होतं. आई बाजूला उभी होती. तिला कीबोर्डातलं काही कळलं नव्हतं, पण ओवाळून झाल्यावर मी तशीच उभी आहे एवढं तिला दिसलं.

"अगं, बघत काय राह्यली?" ती म्हणाली. "पाया पड त्याच्या. मोठा हाय तुझ्याहून."

मी वाकून पाया पडले.