बायकांच्या डोळ्यांचा तक्ता

दारात उभ्या असलेल्या मुलीला मी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "चष्मा नाही ना तुला?"

त्या रविवारी माझ्या मेव्हण्यासाठी इतवारी भागातली एक मुलगी आमच्या घरी दाखवायला आणणार होते. ही एकटीच कशी आली, हा प्रश्न संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पडायला हरकत नव्हती. पण वडील कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी घासाघीस करत असतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं. तिला खुर्चीवर बसवलं आणि भिंतीपलीकडच्या वहिनींना हाक मारली, "या जी वहिनी, मुलगी आली!" आमच्या क्वार्टरांच्या ओळीत मुली पाहण्याचा त्यांच्याइतका अनुभव कोणाला नव्हता. त्या ओले हात पदराला पुसत आल्या. मुलीला उभी करून उंची पाहून झाली, तेव्हा कुठे ती चाचरत म्हणाली, "सर, मी उमरेडची. बी.एस्सी.ले तुमच्या वर्गात होती, आता पीएच.डी. करून राहिली. मले थोडं खासगी बोलायचं होतं."

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "अहो, ते लोक चार वाजता येऊन राहिले. सकाळी नऊ वाजता कोण मुलगी दाखवते?"

वहिनी हसत हसत परत गेल्या. मीही हसलो. ती मुलगी मात्र हसली नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दुसऱ्या विभागांच्या प्रबंधांतले आकडे मी तपासून देत असे. पैसे घेत नसे आणि कुठे बोलतही नसे. बोलत नसे याचं खरं कारण असं, की कोणाचा प्रबंध कशावर होता हे मी आठवड्याभरात विसरून जाई. पण लोकांना वाटे, गोष्ट माझ्या पोटात राहते. तिनेही तसंच समजून मला गाठलं होतं.

ती उमरेडच्या विणकराच्या घरची. शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करत होती. तिच्या मार्गदर्शकांनी काही वर्षांपूर्वी उमरेडच्या विणकरांचे डोळे तपासून एक निबंध छापला होता. पुरुष मागावर बसतात, बायका कांड्यांवर सूत भरतात. दोघांचेही डोळे वयाच्या मानाने ठीक आहेत, असा त्याचा निष्कर्ष. त्याच घरांत पुन्हा जाऊन फरक पाहायचा, एवढंच हिचं काम. पुरुषांचं जमलं. बायकांसमोर अक्षरांचा पुठ्ठा धरला तेव्हा त्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

"सर, त्या म्हणे हे आम्ही पयल्यांदाच पाहून राहिलो. मागच्या खेपेले साहेब लोक बाहेर छपरीत बसले, चहा पेले. आम्ही आतच होतो."

"मग बायकांचे आकडे आले कुठून?"

"नवऱ्यांना विचारलं. तुमच्या बाईले दिसते का बरोबर? ते म्हणे, दिसते जी. तांदूळ निवडते, खडा लागत नाही जेवताना. झालं. साहेबांनी वयाप्रमाणे नंबर टाकून दिले."

निबंध छापण्याआधी ते आकडे मीच तपासले होते. फार नेटके होते. इतके नेटके आकडे मला पुन्हा कधी मिळाले नाहीत, आणि मी त्याबद्दल त्यांचं अभिनंदनही केलं होतं.

"माझ्या मोजणीत निम्म्या बायकांना संध्याकाळी धागा दिसत नाही," ती म्हणाली. "साहेब म्हणतात, जुना तक्ता प्रबंधात जसाच्या तसा घे, नवीन आकडे त्याच्याशी जुळवून घे. मी काय करू सर? अन् कोणाले सांगू नका."

असल्या तक्रारीसाठी तेव्हा कुठली खिडकी नव्हती. होतो ते आमच्यासारखे सल्लागार. मी घसा साफ करून म्हणालो, "आधी पदवी पदरात पाडून घे. मग बोल. तेव्हा तुझ्या शब्दाला वजन येईल."

ती म्हणाली, "सर, तेव्हा तोच तक्ता माझ्या प्रबंधात राहीन, खाली माझी सही. मग काय बोलणार मी?"

यावर मी तिला चहा घ्यायला लावला. 

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तिचे मार्गदर्शक भर मंडळीत मला म्हणाले, "काय गुरुजी, आमची पोरगी पसंत पडली म्हणे तुम्हाला? उंचीबिंची पाहिली म्हणे!"

सगळे खो खो हसले. वहिनींचे यजमान त्यांच्याच प्रयोगशाळेत होते, हे मला तेव्हा आठवलं. वहिनींना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी रात्री जेवताना माझी फजिती तेवढी सांगितली असणार.

हसणं ओसरल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. आवाज उतरवून म्हणाले, "लग्नाचं नव्हतं, तर कशाचं होतं?"

"जुनी विद्यार्थिनी आहे. सहज आली होती."

"सहज," ते म्हणाले, आणि कपातला चहा तसाच ठेवून उठले.

मग ओरडाआरडा काही झाला नाही. प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडून मागून घेतली. सहामाही प्रगतीच्या अहवालावर मार्गदर्शकाची सही लागते. ती सही आज नाही, उद्या ये, असं करत राहूनच गेली. सहीविना शिष्यवृत्ती थांबली. मी तिला विचारून, धीर करून अधिष्ठात्यांकडे गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं, सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे तुम्ही तोंडी सांगून राहिले ना? मग मी ऐकलं नाही." त्यांच्या परीने तेही मला गुप्त सल्लाच देत होते.

ती शेवटची भेटली ती बसस्टँडवर, उमरेडच्या गाडीपाशी. साहेबांनी तक्ता लाव, सही घे, असं स्पष्टच सांगितलं होतं. तिने लावला नाही. एका तालुक्याच्या शाळेत नोकरी लागत होती.

"माझं जाऊ द्या सर," ती म्हणाली. "पण त्यांचा छापलेला तक्ता राहिलाच ना?"

राहिला. दोनेक वर्षांनी जिल्ह्यात डोळ्यांची शिबिरं कुठे घ्यायची हे ठरवणाऱ्या बैठकीत मला आकडे वाचायला बसवलं होतं. तो निबंध समोर आला. विणकरांच्या वस्तीत गरज दिसत नाही, असं कोणीतरी म्हणालं. मी म्हणालो, बायकांचे आकडे पुन्हा घ्यायला हवेत. "काहून? छापलेलं आहे ना?" असं विचारल्यावर मी निबंध कसा झाला ते सांगायला लागलो. पुरावा काय, म्हणाले. तिचं नाव घेता येत नव्हतं. कोणाले सांगू नका म्हणाली होती. पुढचा विषय निघाला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मी शब्द पाळला, हेही सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही बसनं उमरेडले जाऊन एका बाईले तरी विचारलं असतं, तर तिचं नाव कशाले लागलं असतं?"