रेगेन्सबर्गची चाळीस मिनिटं

आमच्या अमेरिकेतल्या शुगर लँडच्या मराठी मंडळींची युरोप टूर काढणाऱ्या काकांनी माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर मी बघून घेतलं असतं. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान शून्यातून उभं केलंय मी. सौद्यात कोण कुठे मारतो ते मला कळतं.

सौदा साधा होता. टूर भरत नव्हती. मी बारा माणसं आणून दिली आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली: डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबर्गमध्ये अख्खा दिवस. लग्नाआधी बायको पुण्यात जर्मन शिकवायची. ती शिकवायची त्या पुस्तकात तिथल्या दगडी पुलाचं चित्र होतं. माझ्यामागे अमेरिकेत आली आणि ते सगळं सुटलं.

"दिला दिवस," काका टाळी देऊन म्हणाले.

बस साडेअकराला पोहोचली. पुलाच्या कठड्याशी एक म्हातारी कुत्रा घेऊन उभी होती. बायकोने भीतभीत तिला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं, मग हिने. दोघी हसल्या. तीस वर्षांत मी हिला असं हात हलवत, मोकळं बोलताना पाहिलं नव्हतं. म्हातारी तिला गल्लीतलं आपलं जुनं घर दाखवायला नेणार होती.

तेवढ्यात, बारा वाजून दहा मिनिटांनी, काकांची शिट्टी. शिट्टी कशाची ते विचारून येऊ म्हणून आम्ही बसपाशी गेलो.

"बसा, बसा! गरम वरण-भात वाट बघतोय!"

"काका, दिवस ठरला होता."

"अरे, पूल बघितलास ना? आता काय त्याच्याशी सोयरीक करायचीय? लोक चार दिवस ब्रेड खाऊन वैतागलेत यार."

मागून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, या लवकर, पापडपण आहेत!"

सगळे हसले. बस सुटली.

दीड तासावरच्या त्या भारतीय हॉटेलात आम्ही तासभर रांगेत उभे होतो. वरण म्हणजे पिवळं पाणी. मी ताट ढकललं. ही खाली मान घालून जेवत होती.

"अहो, चिडू नका," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मी त्या आजींना पाच मिनिटांत येते म्हणून सांगितलं होतं."

काका, पुढच्या वर्षीच्या टूरचे मेसेज तुम्ही पाठवायला लागलात. आधी सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा, मला नाही, तिला सांगा: वाटीभर वरणासाठी तिचा दिवस तुम्ही कोणाला विचारून देऊन टाकलात?