गच्चीवरची तोफ आणि अण्णांचा फोटो

आमच्या ह्यांच्या हवाई दलातल्या मित्राने परदेशातून ती पाचशे एमएमची लेन्स आणली, आणि ह्यांनी कॅमेऱ्याची साधी लेन्स खुशाल त्याला देऊन टाकली. "साध्या लेन्सने काय, बारशाचे फोटो काढायचे?" म्हणे. आठवडाभर प्रयोगशाळेत उंदरांच्या मागे असणारा हा माणूस रविवारी इकडे उत्तरेतल्या आमच्या इंदिरा नगरच्या गच्चीवर पाखरांचा शिकारी व्हायचा. शेजारचे भाईसाहब विचारायचे, "अरे यार, ये तोप किस पर चलेगी?" ह्यांना ती स्तुती वाटायची! कपाळ माझं. दहा-बारा फुटांच्या आतलं त्या तोफेला काही धड दिसायचंच नाही. म्हणजे घरातलं कुणीच नाही.

त्याच थंडीत माझे वडील, अण्णा, सांगलीहून आले. जन्मभर फोटो म्हटला की ते उठून जायचे. आईकडे त्यांचा एकही फोटो नव्हता. या वेळी काहीही करून एक काढून घे, एवढंच तिने मला बजावलं होतं. आणि अण्णा चक्क तयार झाले! मी म्हटलं, चौकातल्या स्टुडिओत नेऊ या. हे फिस्कारले, "घरात अशी लेन्स असताना?"

झालं. अण्णांनी कोट चढवला, पांढरी टोपी नीट केली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी गच्ची चढले. "मागे, अजून मागे." कठड्याला पाठ टेकली तरी ह्यांचं मागेच. मग ऊन नीट पडायची वाट. तेवढ्यात दोघांच्या मधल्या पाण्याच्या पाइपवर हुदहुद पक्षी येऊन बसला आणि त्याने तुरा उघडला.

"हलू नका!" हे ओरडले. अण्णा बिचारे श्वास रोखून उभे. इकडे खटाखट रोल संपला.

"झालं का हो, जावईबापू?"

"झालं, झालं! अप्रतिम!"

रोल धुऊन आला तोवर अण्णा सांगलीला परतून हार्ट अटॅकने गेलेही होते. मी अधाशासारखं पाकीट फोडलं. सगळा रोल हुदहुदचा. मेल्या पाखराची पिसं न् पिसं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ.

त्यातला एक ह्यांनी मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. आल्यागेल्याकडून वाहवा घेतात. मी चहा ठेवता ठेवता सांगते, "मागे तो पांढरा डाग दिसतोय ना, ते माझे वडील."

"हां," हे म्हणतात, "बॅकग्राउंड कसं विरघळलंय बघा!"