गोड्या पाण्याची साक्ष

गिल्बर्ट पास्कने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जहाजांची पोटं भरली. लंडनला, थेम्सच्या काठच्या वॉपिंगमध्ये माल रचणारे पुष्कळ होते. पण पास्कने रचलेलं पिंप वाटेत हललं, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. पिंप आडवं ठेवायचं. बूच वर. टेकू दोन टोकांना, मधला फुगवटा अधांतरी. तळाला सुक्या फांद्या, कडेला चटया, आणि राहिलेल्या प्रत्येक फटीत पाचर. घाई करणाऱ्याला तो शिव्या देत नसे. केलेलं सगळं उपसून पुन्हा रचायला लावी.

गुडघे गेले तेव्हा त्याने काम सोडलं. बायको जोन त्याआधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. दोरखंडवाल्याच्या माडीवर एक खोली होती, तिथे आठवडेच्या आठवडे त्याच्याशी कुणी बोलत नसे. रविवारी चर्च सुटलं की मात्र तो खालच्या गल्लीत अँब्रोज टिलीकडे जेवायला जाई. अँब्रोज ‘पेशन्स’ जहाजावर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम होता; माल रचणंही त्याच्याकडेच. पाचर कशी मारायची हे तो पास्कच्याच हाताखाली शिकला होता. अँब्रोज समुद्रावर असला तरी त्याची बायको डॉर्कस वाटाण्याची घट्ट लापशी करून ठेवी, वर खारवलेल्या डुकराचा तुकडा, आणि दार उघडताना म्हणे, “पास्कबाबा, अजून आहात वाटतं.” तेवढ्या बोलण्यावर तो पुढचा रविवार गाठी.

त्या हिवाळ्यात ‘पेशन्स’ ग्रीसजवळच्या झांते बेटावरून मनुका घेऊन आलं. पिंपं फोडली तर निम्म्या मनुका बुरसलेल्या. व्यापारी म्हणाला, माल नीट रचला नाही. नाखवा म्हणाला, बिस्केच्या उपसागरात वादळाने गाठलं, लाटा आत शिरल्या. भांडण समुद्री न्यायालयात गेलं. वादळाने नासलं असं ठरलं तर ती देवाची करणी, कुणी कुणाला काही द्यायचं नाही. रचण्यात चूक झाली असं ठरलं तर नाखव्याने भरून द्यायचं, आणि नाखवा ते खलाशांच्या पगारातून कापून घेणार. रिवाजच तसा होता. आणि ‘पेशन्स’चे खलाशी सगळे वॉपिंगचेच.

मालाची पाहणी करायला दोन्ही बाजूंना एकच माणूस चालला. पास्क.

गुडघे धरत तो जहाजाच्या पोटात उतरला. अँब्रोजने कंदील धरला. पास्कने आधी वरची पिंपं पाहिली. लाटा आत आल्या असत्या तर तीच आधी भिजली असती. ती कोरडी ठणठणीत होती. मग तो खालच्या थराशी आडवा झाला. नासलेल्या प्रत्येक पिंपाच्या फळ्यांना काळी पडलेली पानं चिकटली होती. त्याने पान सोलून काढलं आणि खालची ओली फळी चाटली. दुसरी चाटली. थुंकला, तोंड पुसलं, तिसरी चाटली. कुठेही मीठ नव्हतं. हिरव्या फांद्यांना बंद पोटात घाम फुटला होता, त्याचंच ते पाणी.

“स्वयंपाक्याने जुन्या फांद्या जाळून टाकल्या,” अँब्रोज म्हणाला. “झांतेला सुकं काहीच मिळेना. मग जैतुनाच्या ताज्या छाटलेल्या घेतल्या. तुम्ही काय केलं असतंत?”

“थांबलो असतो. सुकेपर्यंत.”

“आणि नाखवा थांबला असता?”

पास्कने हात पुढे केला. अँब्रोजने त्याला ओढून उभं केलं.

रविवारी तो नेहमीसारखा जेवायला गेला. डॉर्कस मासळीच्या भावाबद्दल बोलली, शेजारणीच्या खोकल्याबद्दल बोलली, अँब्रोजने दोनदा हुंकार भरला. मग तिने चमचा खाली ठेवला.

“खारट म्हणा, पास्कबाबा. तुमच्या तोंडात शिरून कोण बघणार आहे?”

“गप गं,” अँब्रोज म्हणाला.

“का म्हणून गप? अख्ख्या गल्लीची चूल याच्या जिभेवर ठेवलीय.”

पास्कने ताट पुसून घेतलं आणि जेवणाबद्दल आभार मानले.

साक्ष सेंट पॉलजवळच्या एका गार खोलीत झाली. तिथे नाखवा नव्हता, व्यापारी नव्हता. एकटा कारकून प्रश्न वाचत होता आणि उत्तरं लिहीत होता. पास्कने शपथ घेतली. पाणी खारट होतं की गोडं, असं कारकुनाने विचारलं. कारकुनाने पिसाची लेखणी शाईत बुडवली, ती सुकली, पुन्हा बुडवली. खारट म्हटलं असतं तर त्या खोलीत कुणाला काही कळलं नसतं. पण वाईट रचलेलं चालवून घ्यायची त्याला सवयच नव्हती.

“गोडं,” तो म्हणाला.

मग तो पुढे सांगू लागला, की बेटावर सुक्या फांद्या नव्हत्या, नाखव्याला निघायची घाई होती, तांडेलाच्या हातात थांबणं नव्हतं. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, की तेवढं विचारलेलं नाही. लिहिलं ते त्याने वाचून दाखवलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. पास्कने खाली सहीऐवजी फुली काढली.

निकाल लागला. पगार कापले गेले. वॉपिंगमध्ये पास्कला कुणी शिवी दिली नाही. गुत्त्यात तो आला की बाकावरचे लोक त्याच्यासाठी सरकत. इतके सरकत की बाक मोकळा होई. निकालानंतरच्या रविवारी चर्चमध्ये टिली नवरा-बायको मागच्या रांगेत बसले आणि प्रार्थना संपायच्या आत निघून गेले. पास्क तरी गेला त्यांच्याकडे. दार अँब्रोजने उघडलं. तो बाहेर आला आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.

“डॉर्कस रागावलीय?” पास्कने विचारलं.

“आहेच. पण ती निवळेल. ती काही महिनाभर रागावून राहायची नाही.”

“मग?”

अँब्रोज चौकटीवर अंगठा घासत राहिला. “तुम्ही खरं बोललात, बाबा. ओल्या फांद्या मीच घातल्या, मला माहीत होतं काय होणार ते. तुम्ही खोटं बोलला असतात तर मी तुम्हाला रोज जेवायला घातलं असतं. आता तुम्ही समोर बसलात की मला घास उतरायचा नाही.”

पास्कने मान हलवली. हे त्याला समजलं.

“पायरी निसरडी आहे,” अँब्रोज म्हणाला. “जपून उतरा.”

पास्क जपून उतरला. खोलीकडे न वळता तो नदीवर गेला. ओहोटी होती, चिखलात माल वाहणारे पडाव कलंडून पडले होते. त्यातल्या एकाच्या काठावर तो बसला. भरती हळूहळू वर आली, पडाव खालून हलायला लागला, बूट भिजले, तेव्हा त्याला उठावंच लागलं.