म्हात्रे सरांना हवी असलेली दहावी

पुंडलिक म्हात्रे सरांच्या गणिताच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवते. माझ्याकडे जरा कालवा झाला की सर दारातून एक नजर टाकून जायचे. बोलायचे काही नाहीत, पण त्या बघण्याचाच मला संताप यायचा.

सर जोहे गावचे. घरचा गणपतींचा कारखाना. मूर्तीचं रंगकाम चार जण करत, पण डोळ्यांची आखणी सर स्वतःच करणार, दुसऱ्याचा ब्रश तिथे लागू देणार नाहीत. फळ्यावरही तीच तऱ्हा. गणित असं सुरेख मांडायचे की पोरं आ वासून बघत राहायची. एवढी शांतता आहे म्हणजे डोक्यात शिरतंय, असं सर धरून चालले होते.

यंदा त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. जाताना दहावीचा वर्ग आपल्याकडे असावा, एवढीच इच्छा. पण रोह्याहून येणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिका ठाकूर बाई, त्यांचं सगळंच वेगळं. वेळापत्रक लावण्याआधी त्यांनी नववीत दोघांकडेही शिकलेल्या दहावीच्या पोरांनाच विचारलं, गणिताला कोण हवं, म्हात्रे सर की भूमिका मॅडम? भराभर हात वर झाले ते मॅडमसाठी. ही परवा परवा लागलेली पोरगी, तिच्या तासाला तर बाजार भरतो.

असलं काही शाळेत लपतं थोडंच! मधल्या सुट्टीत सरांनी डबा न खाताच बंद करून ठेवला. "आता गोंगाटाला शिकवणं म्हणायचं," एवढंच बोलले. कितीही राग असला तरी मला वाईट वाटलं. सुट्टी संपल्यावर ते थेट दहावीत गेले. पोरांवर खेकसतील या भीतीने मीही मागोमाग गेले.

सरांनी हळूच विचारलं, "माझं शिकवलेलं समजत नाही का रे?"

रोशनी उठली. ती आदिवासी वाडीवरची, सुट्टीत सरांच्याच कारखान्यात रंगकामाला जाते.

"समजतं ना सर. तुम्ही करता तवा सगळं समजतं. पन घरी गेल्यावर कायच सुचत नाय. अवघड जागा आली की तुम्हीच करून टाकता. मूर्तीचं अंग आम्ही रंगवतो नि डोळे तुम्ही, तसं."

आता भडकणार, असं मला वाटलं. सरांनी खडू तिच्यापुढे धरला.

ती वर्गसमीकरण सोडवायला लागली आणि अवयव पाडताना अडली. सरांचा हात पुढे जाई, ते मागे घेत. पोरं बाकावरून ओरडून सांगायला लागली. तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा चुकली. बऱ्याच वेळाने उत्तर निघालं, तेव्हा ती खुदकन हसली. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी माझ्याकडून हे ऐकून ठाकूर बाई विरघळल्या, सरांना बोलावून म्हणाल्या, "सर, दहावी तुम्हीच घ्या. मी पोरांना समजावते."

"नको," सर म्हणाले. "त्यांची मार्चमध्ये परीक्षा आहे. मला हे असं शिकवायला अजून जमत नाही. माझ्या शिकण्यात त्यांचं वर्ष कशाला जायला हवं? दहावी भूमिकाला द्या. मला आठवी चालेल."

बाईंनी वेळापत्रकात दहावीपुढे भूमिकाचं नाव लिहिलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.