विहीर बघायला पाहुणे

कळस गावातल्या आमच्या जुन्या दगडी विहिरीत नामशेष होऊ घातलेल्यांच्या यादीतले दोन जीव होते: एक शेवाळ, एक वटवाघूळ. दोन्ही माझ्या मूर्खपणानं गेले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचा सगळा राग भावावरचा वाटेल.

बारामतीच्या कॉलेजात मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. वटवाघळाला निदान वैरी तरी आहेत. लोक त्याला भितात, धूर करून हाकलतात. म्हणजे ते आहे एवढं तरी मान्य करतात. शेवाळाच्या नशिबी तेही नाही. त्याला आपण सरळ घाण म्हणतो आणि पाय घसरला की शिव्या घालतो. नखाएवढं पसरायला त्याची वर्षं जातात, आणि संकट आलं तर त्याला पळताही येत नाही. वटवाघळाची मादी एकुलतं पिल्लू पोटाशी धरून उडते तरी.

पुण्याहून तिघं अभ्यासक ही दोन्ही बघायला येणार होते. गावी थोरल्या भावाला फोन केला. शेवाळ बघायला माणसं येताहेत म्हटलं असतं तर अख्खा पार हसला असता. मला त्याची लाज वाटली. मी एवढंच म्हणालो, "तात्या, विहीर बघायला पाहुणे येणार आहेत."

"येऊ दे की. मी हाय न्हवं हितं."

पाहुणे म्हटलं की आमच्या घरात काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं का? मामा यायचे तर आई गोठासुद्धा झाडून घ्यायची.

आम्ही पोचलो तेव्हा विहीर पांढरीफेक होती. तारेच्या ब्रशनं चिरा न् चिरा घासून वर चुना मारला होता. कमानीखाली मिरच्यांचा धूर केल्याचा ठसका अजून येत होता. पायरीवर चुन्यात माखलेलं एक पिल्लू मरून पडलं होतं.

जन्मात पहिल्यांदा मी तात्यावर ओरडलो, तेही पाहुण्यांदेखत. "कुणी सांगितलं होतं घासायला? अक्कल गहाण ठेवली का?"

दुखऱ्या गुडघ्यांनी चार दिवस तो स्वतः विहिरीत उतरला होता. हाताची सालं निघाली होती.

"तूच म्हनला न्हवं, पावनं येनार हायती," तो हळू म्हणाला. "चार मानसांत तुजी मान खाली जाऊ द्यायची व्हती व्हय?"

मान खाली जाऊ नये म्हणूनच मीही फोनवर शेवाळाचं नाव घेतलं नव्हतं.