पौर्णिमेच्या भरतीत एल्बो

माझ्या नवऱ्याला माझ्या वडिलांनी पसंत केलं ते आमच्या बोटीच्या संडासात. पाहुण्यांना सांगताना तो नुसतं "बोटीवर" म्हणतो आणि संडास गाळतो. म्हणून मी लिहून ठेवते.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. वडिलांनी मुंबईच्या कुणा शेठची जुनी लाँच घेतली होती. ती पनवेलच्या खाडीत उभी असायची. रविवारी सहलीची माणसं न्यायची, असा बेत होता. लाँचमध्ये संडास होता आणि त्याचाच वडिलांना कोण तोरा! आमच्या घरातली निम्मी माणसं तेव्हा टमरेल घेऊन खाडीकाठी जायची आणि बोटीला मात्र पांढरंशुभ्र भांडं. भांड्याशेजारी हातपंप होता. दांडा हलवला की बोटीच्या तळाच्या भोकातून पाइपने खाडीचंच पाणी वर यायचं. त्या पाइपचा एल्बो, म्हणजे वळणावरचा वाकडा जोड, महिनाभर गळत होता आणि बसणाऱ्याचे पाय भिजत होते.

त्याच सुमारास मी घरी सांगितलं, मला पनवेलमधल्या एका नळवाल्याशी लग्न करायचंय. मी एसटी स्टँडमागे टायपिंग शिकायला जायचे. तिथला नळ त्याने तीनदा दुरुस्त केला. पहिल्या दोन वेळा मुद्दाम गळका ठेवला होता, असं तो सांगतो. मला तेव्हाही शंका होती, आजही आहे. हे ऐकून आई रडली. वडील रडले नाहीत. म्हणाले, "नळवाला हाय ना? मंग आपला एल्बो करून दाखव म्हनाव. पुनवेला बारा वाजता ये म्हन. आनि तू मधी तोंड घालायचं नाय. घातलंस त लगीन मोडलं."

पुनव आणि बारा ऐकूनच वडिलांचा डाव माझ्या लक्षात आला. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पौर्णिमेला दुपारी बारा म्हणजे भरभरून भरती. बोटीच्या तळाचं काम करायचं ते सुकतीला, पाणी उतरून बोट चिखलात टेकली की. पण हा पडला शहरातला. याच्या लेखी पाणी वरून येतं, गच्चीवरच्या टाकीतून.

बाराला पाच कमी असताना स्वारी हजर. अंगात इस्त्रीचा शर्ट, पिशवीत पाने, सुतळी आणि जोडाला फासायच्या सफेद्याचा डबा. एल्बो चाचपून त्याने विचारलं, "काका, टाकी कुठंय?"

वडिलांनी गंभीर चेहऱ्याने टपाकडे बोट केलं. तिथे प्यायच्या पाण्याचं पिंप होतं. हा वर चढला, पिंपाचा नळ घट्ट पिळला आणि खाली येऊन हात झटकत म्हणाला, "पाणी बंद."

मी ओढणीचं टोक चावत होते. बोलावं तर लग्न मोडतं, न बोलावं तर त्याचं हसं होतं.

त्याने एल्बो सोडवला आणि खाडी भसकन त्याच्या तोंडावर आली. "अरे, बंद केलंय की!" असं तो चक्क पाण्याला सांगत होता. तळाशी पाणी बंद करायचा एक कॉक होता, पण तो मिठाने गच्च धरलेला, हलेना. शेवटी त्याने एका हाताने डगमगता पाइप धरला, दुसऱ्या हाताचा तळवा पाइपच्या तोंडावर दाबला आणि भांड्याला टेकून बसला. पाणी थांबलं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता सुकती," वडील म्हणाले. "चार वाजतील. बस."

वडील दारात स्टूल टाकून बसले, मी आतल्या लाकडी पेटीवर. जागा एवढीशी की बसल्या बसल्या माझा हात त्याला लागला असता. आणि मुलगा बघायचा कार्यक्रम सुरू झाला. शिक्षण किती, घर स्वतःचं का, बहिणी किती. पाहुण्याला उठून जायची सोय नव्हती. दारूचं विचारल्यावर तो जरा घुटमळला.

"खरं बोल," वडील म्हणाले, "नायतर हात थरथरंल."

"दिवाळीला बियर. एक बाटली. दोघांत."

दोन वाजता आईने डबा पाठवला. तांदळाची भाकर आणि जवळा.

"काका, आज गुरुवार आहे. मी मासळी खात नाही."

"मंग त्या खाडीच्या पान्याला सांग, आज गुरुवार हाय." वडील माझ्याकडे वळले. "भरव त्याला. उपाशी मानसाचा हात सुटतो."

बापासमोर परक्या पुरुषाला घास भरवणारी आमच्या आळीत मी पहिलीच असेन, आणि तेही संडासात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तितकाच आनंदही झाला. त्याने अख्खा जवळा संपवला आणि वर विचारलं, "अजून आहे?"

चारच्या पुढे बोट चिखलात टेकली. त्याने तळवा काढला तेव्हा त्यावर पाइपचा लाल गोल उमटला होता आणि बोटं सरळ होत नव्हती. तरी त्याने सुतळी गुंडाळली, सफेदा फासला, एल्बो आवळला. दुसऱ्या दिवशी भरतीला वडील एल्बोखाली हात धरून बराच वेळ बसले. थेंब पडला नाही.

"काम येतंय त्याला," ते म्हणाले. "अक्कल तू शिकव."

एक गोष्ट मात्र मी नवऱ्याला कधी सांगितली नाही. तळाला भोक असलेल्या प्रत्येक बोटीत त्या मापाचं लाकडी बूच ठेवलेलं असतं. ठोकून बसवलं की पाणी मिनिटात बंद. त्या दुपारी, साधारण एक वाजता, वडिलांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या होत्या. त्यांचं मन भरलं होतं, द्यायचं का बूच, असं ते मला विचारत होते. माझं मन भरलं नव्हतं. टायपिंगच्या नळासाठी तीनदा येणारा माणूस माझ्यासाठी किती वेळ बसतो, ते मला बघायचं होतं.

बूच मी बसले होते त्या पेटीत होतं. मी ओढणी सावरली आणि चार वाजेपर्यंत उठले नाही.